दोन सुतांनी लांब

मास्तरांच्या नजरेतून वाकडी टीप सुटली असं कधी झालं नाही, आणि नजरेत आलेलं तोंडातून बाहेर पडलं नाही असंही कधी झालं नाही. कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारा गावात दुसरा कुणी नव्हता. चौकातून उजवीकडे वळलं की बूटवाला आणि औषधांचं दुकान यांच्या मधोमध त्यांचं अरुंद दुकान. समोर कापायचं लांब टेबल, मागे दोन मशिनं, भिंतीला माणसाएवढा आरसा आणि कोपऱ्यातल्या जिन्याने वर गेलं की घर. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत मास्तरांनी त्याचा डावा खांदा उतरता आहे हे हेरलेलं असायचं, आणि तो बसायच्या आत त्याला सांगूनही टाकलेलं असायचं. लोक हसण्यावारी न्यायचे, कारण कोट अंगावर चढला की तो खांदा खुद्द त्यांनाही सापडत नसे.

पण खोड ती खोड. शटर पडलं म्हणून ती बंद होत नव्हती. शेजारणीचे पडदे, पुतण्याची सही, पाहुण्यांच्या घरातली भिंतीवरची चौकट, मास्तरांच्या तावडीतून काही सुटायचं नाही. बूटवाल्याचा भाऊ गेला तेव्हा तर कहर झाला. सगळे शवपेटीभोवती मान खाली घालून उभे, आणि मास्तर हळहळले, "अरेरे, कोटाची बटणं एक घर चुकून लावलीत." मृताच्या बायकोने दचकून वर पाहिलं. मास्तरीणबाईंनी नवऱ्याला असा चिमटा काढला की दंड आठवडाभर निळा होता.

"मेलेल्या माणसाला तरी सोडा हो," घरी आल्यावर त्या म्हणाल्या.

"मग? खोटं बोललो का मी?" हे मास्तरांचं ठरलेलं उत्तर. त्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

यात सगळ्यात जास्त भरडली गेली ती लेक. एकुलती एक. दहाव्या वर्षी काज करायला शिकली आणि पंधराव्या वर्षी तिचा धावदोरा पाहून जुनी गिऱ्हाइकं विचारायला लागली, हा मास्तरांचा की मुलीचा? "तिचा," मास्तर सांगायचे. "दिसतंय ना, शेवटी ढिला पडलाय." ती ओठ आवळून तो काढायची आणि पुन्हा घालायची. तेविसाव्या वर्षी तिने वडलांच्या नकळत, वरच्या खोलीत आईच्या जुन्या मशीनवर, त्यांच्यासाठी करड्या लोकरीचा कोट शिवला. मापं घ्यायची गरजच नव्हती, बाबांचे खांदे तिला पाठ होते. मास्तरांच्या पन्नाशीला, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये चाळीस माणसांसमोर तिने तो त्यांना घातला. टाळ्या वाजल्या. बूटवाला ओरडला, "मास्तर, पोरगी तुमच्या पुढे गेली!"

मास्तरांनी दोन्ही हात समोर धरले, मनगटांकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाह्या दोन सुतांनी लांब झाल्यात."

दोन सूत म्हणजे पाव इंच. घरी आल्यावर त्यांनी ब्लेड घेऊन उजवी बाही मुंढ्यापासून, म्हणजे खांद्याला जोडलेली असते तिथून, उसवून काढली. पुन्हा नीट बसवून देतो म्हणाले. लेक समोर उभी होती. महिनाभराने तिने दुसऱ्या गावी टपाल कचेरीत नोकरी धरली आणि बॅग भरून निघून गेली. बाही जोडायची राहिली ती राहिलीच.

त्यानंतर फोन यायचा तो आईला. "बाबा बरे आहेत ना?" एवढं विचारून ती दुसरं काहीतरी बोलायला लागायची. मास्तर खाली इस्त्री हातात धरून जिन्याकडे कान लावून उभे असायचे. एकदा त्या नादात एका वकिलाची पँट जाळली. दुसऱ्या मशीनवर कारागीर बसवा असं बायको सांगायची. मास्तर हो म्हणायचे आणि बसवायचे नाहीत. लेक आता सुईला हात लावत नाही हे कळलं त्या दिवशी त्यांनी दुपारीच शटर ओढलं.

मास्तर ख्रिस्ती घरात जन्मलेले, दर रविवारी चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर. पण लक्ष देवाकडे कमी आणि पाळकांच्या झग्याकडे जास्त. झग्याची खालची दुमड डावीकडे वर चढली होती आणि गेली तीन वर्षं ती मास्तरांच्या डोळ्यात खुपत होती. लेक गेली त्याच वर्षी एका रविवारी त्यांनी पाळकांना दारातच गाठलं. "झगा पाठवून द्या. दुमड तिरकी आहे. अर्ध्या तासाचं काम."

"ठाऊक आहे मला," पाळक म्हणाले. वयाने तरुणच होते. "आईने शिवलाय. तेव्हा तिला दिसत नव्हतं, बोटांनी चाचपून शिवला. उपदेशाला उभं राहण्याआधी मी त्या दुमडीला हात लावून घेतो. ती सरळ नका करू, मास्तर."

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. चार दिवस तसेच काढले आणि पाचव्या दिवशी पाळकांच्या दारात जाऊन उभे राहिले. "मला दुसऱ्याचं वाकडं तेवढं दिसतं. दिसलं की तोंडातून जातं. त्यापायी माझी पोरगी गेली. काय करू सांगा."

"दिसणार तर दिसू द्या, त्यावर तुमचं पोट आहे," पाळक म्हणाले. "आपण जिभेचं बघू."

त्यांनी घालून दिलेली शिस्त ऐकायला सोपी होती. दुकान उघडायच्या आधी अर्धा तास गुडघ्यांवर प्रार्थना. शुक्रवारी उपवास, आणि नुसता अन्नाचा नाही, तर त्या दिवशी कुणाची चूकही काढायची नाही. कुठे घसरलो ते दुसऱ्या दिवशी सकाळी देवाला मोठ्याने सांगायचं.

"मोठ्याने कशाला? देवाला काय ऐकू येत नाही?"

"देवाला येतं. मनातल्या मनात कबूल करताना माणूस स्वतःला हळूच सूट देतो, म्हणून."

पहिला शुक्रवार सकाळी दहापर्यंत टिकला. औषधवाल्याने पाटी रंगवून आणली, ती एका बाजूला कलली होती, आणि मास्तर घसरले. पुढच्या शुक्रवारी त्यांनी शक्कल लढवली. टाचण्या ओठांत धरून काम करायची शिंप्याला सवय असतेच, तेव्हा ते उठल्यापासून चार टाचण्या तोंडात धरून बसले. "चहा नाकाने घेणार का?" मास्तरीणबाईंनी विचारलं. पाळकांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते पोट धरून हसले, पण म्हणाले, "टाचण्या काढा. उपवास तुमच्या जिभेचा आहे, टाचण्यांचा पहारा नको तिच्यावर."

टाचण्या निघाल्या आणि मास्तर पुन्हा घसरले. पुन्हा गुडघे टेकले, पुन्हा घसरले. कधी चिडून प्रार्थनेची सतरंजी लाथेने सारायचे आणि मग स्वतःच सरळ करून तिच्यावर बसायचे. हळूहळू शुक्रवार जमायला लागला, मग शनिवारही, आणि चौथ्या वर्षी तर गिऱ्हाइकं घाबरली. "मास्तर, आज माझ्या खांद्याला काही म्हणाला नाहीत. तब्येत बरी आहे ना?"

रोज सकाळी प्रार्थना संपायची ती एकाच मागण्यावर. तिला आण. आधी ते हुकूम दिल्यासारखं म्हणायचे, मग विनवून, आणि पुढे पुढे नुसतेच बसून राहायचे, कारण मागणं काय आहे हे देवाला आता पाठ झालं असणार. मी तो माणूस राहिलो नाही रे बापा, एकदा तिला येऊन बघू दे, एवढंच त्यांना हवं होतं. रस्त्यावरून तिच्या चालीची कुणी गेली की कात्री टेबलावर तशीच थांबायची.

सहाव्या वर्षी मास्तरीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि लेक आठ दिवसांची रजा घेऊन आली. वाळली होती, चष्मा लागला होता. वडलांशी जेवढ्यास तेवढं बोलायची. औषध कुठे ठेवलंय, डॉक्टर कधी येणार, चहा घेणार का. मास्तर फुंकून फुंकून पावलं टाकत होते. चहा पांचट झाला तरी गोड मानून पीत होते.

सातव्या दिवशी दुपारी ती खाली दुकानात आली. हातात घडी केलेला निळा गाऊन होता. "आईला शिवलाय," ती म्हणाली आणि तो टेबलावर पसरून बाजूला उभी राहिली.

पोरीने पुन्हा सुई धरली होती! मास्तरांनी हात पुसून कापड हाताळलं. शिवण एकसारखी, गळा सुबक. आणि डावा खिसा उजव्यापेक्षा एक सूत खाली. जीभ दातांपर्यंत आली. प्रभू, आवर, ते मनात म्हणाले, आणि खरंच, जीभ मागे फिरली. मास्तर दाराबाहेर रस्त्याकडे बघत राहिले.

"सांगा ना. काय चुकलंय?" लेकीने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही," ती म्हणाली, गाऊनची घडी घातली आणि वर गेली.

मास्तर हवेत होते. सहा वर्षांचं फळ आज पदरात पडलं होतं. थोड्या वेळाने तेही वर गेले आणि बायकोच्या कानाशी वाकून म्हणाले, "ऐकलंस? खिसा खाली होता. एक शब्द काढला नाही मी!"

मास्तरीणबाई उशीवर पाय ठेवून पडल्या होत्या. "ती आतल्या खोलीत रडतेय," त्या म्हणाल्या.

"का? मी तर काहीच बोललो नाही."

"तेच म्हणते मी. तोंड बंद ठेवायला शिकलात, फार चांगलं झालं. आता जरा उघडायला शिका. अहो, तुम्ही खिशाकडे बघत होतात ते तिला दिसलं नसेल का? लेक तुमचीच आहे ना?"

दुसऱ्या दिवशी अकराची बस होती. मास्तर नेहमीप्रमाणे सकाळी खाली येऊन गुडघ्यांवर बसले. काल घसरल्याचं काहीच नव्हतं, त्यामुळे सांगायलाही काही नव्हतं. तिला आण म्हणावं तर ती वरच होती. त्या रिकाम्या बसण्यात त्यांना तो हॉल आठवला. टाळ्या, बूटवाल्याचं ओरडणं, समोर धरलेले स्वतःचे हात. बाही मनगटाच्या हाडावर, जिथे यायची तिथेच आली होती. दोन सूत नाही, एक धागाही इकडे तिकडे नव्हता. मुंढा असा बसला होता की हात वर केला तरी कोट हलत नव्हता. पोरगी पुढे गेली हे चारचौघांत ऐकलं आणि ते त्यांना सललं. चूक हवी होती, ती सापडली नाही, म्हणून त्यांनी ती बनवली. एवढी वर्षं ते देवापुढे कडू खरं बोलल्याचा पश्चात्ताप करत होते. ते खरं नव्हतंच, हे त्यांनी देवालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"बाही बरोबर होती," मास्तर मोठ्याने म्हणाले. मग प्रार्थना अर्धवट टाकून उठले. सहा वर्षांत तसं पहिल्यांदाच झालं.

लेक बॅगेची चेन लावत होती. मास्तर दारातच थांबले, आत जायचा धीर होईना. "तुझ्या कोटाची बाही लांब नव्हती."

तिचा हात थांबला.

"बरोबर होती. तसा मुंढा माझ्या हातून जन्मात बसला नाही. लोकांनी तुझं नाव घेतलं ते मला सोसलं नाही. मी खोटं बोललो, बाळा. माफ कर म्हणायला तोंड नाही मला, तरी म्हणतो. माफ कर."

ती पलंगावर बसली. खाली औषधवाल्याने शटर वर ढकललं तो आवाज सगळ्या घरात फिरला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही कोट काढून खुर्चीवर टाकलात ना, तेव्हा तिथेच टेपने मोजल्या मी. दोन्ही बाह्या बरोबर होत्या."

"अगं मग टेप धरायचीस माझ्यासमोर!"

"लोकांसमोर? तुमच्या पन्नाशीला?" तिने चष्मा काढला. "मला तुम्हाला खोटं पाडायचं नव्हतं, बाबा. तुम्ही आपण होऊन सांगाल म्हणून थांबले. घरी आल्यावर सांगाल, मग वाटलं आठवड्याने सांगाल. महिना थांबले. मग गेले."

मास्तर चौकटीला धरून उभे राहिले. तो महिनाभर ती शेजारच्या खोलीत होती, रोज त्यांना चहा आणून देत होती. तिला आण हे मागणं त्यांनी त्यानंतर सुरू केलं होतं.

"आज थांबतेस?"

"उद्या कामावर जायचंय."

"बरं."

मास्तर तिला सोडायला बसपर्यंत गेले. तिला खिडकीची जागा मिळाली. मास्तर खाली उभे राहून काय बोलावं ते शोधत होते. गाऊनचा खिसा, तिचा चष्मा, तिचं वाळणं, सगळं जिभेवर येऊन गेलं. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं तेव्हा त्यांनी खिडकीची कड धरली.

"तो मुंढा कसा बसवलास, ते मला शिकव."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज मास्तरांच्या वळणाचा होता. "वेळ लागेल तुम्हाला. हात जड आहे तुमचा."

"आहेच," मास्तर म्हणाले.