चंद्री म्हैस आणि सगळ्यांना सारखा नियम

"म्हैस भाईर काढा! आत्ताच्या आत्ता!" ग्रामसेवक असा ओरडला, की पार माधवनगरात कुणाच्या तरी बशीतला चहा सांडला असणार. आई उंबऱ्यात आडवी उभी. तिच्या खांद्यावरून आमची चंद्री त्याच्याकडं बघत निवांत रवंथ करत होती.

गड्यांनो, मेढ्याकडच्या डोंगरात मागं राहिलेल्यांनो आणि आमच्यासारखे ट्रकात बसून सांगलीकडं आलेल्यांनो, तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडं माणूस आणि जनावर एकाच छपराखाली, मध्ये कमरेएवढी भिंत. पाऊस असा की चार महिने मासे माळ्यावर चढायचे, आणि बिबट्या ओसरीवर जावयासारखा येऊन बसायचा. म्हैस बाहेर बांधणार कुठं? चंद्रीच्या आईच्या घोरण्यावर मी दहावी पास झालो. गाव धरणात गेलं त्या दिवशी ट्रकात आधी चंद्री चढली, मग उरलेल्या जागेत संसार. "ती न्हाई तर मी बी न्हाई," आई म्हणाली होती.

आणि इथं वसाहतीत नियम निघाला: राहत्या घरात जनावर नको, ज्यानं त्यानं आपल्या रानात बांधावं. सगळ्यांना सारखा! इथल्या मूळ गाववाल्यांचं रान परसदाराला लागून. मालक खाकरला तरी त्यांची म्हैस कान टवकारते. आम्हाला मिळालेलं रान अकरा किलोमीटरवर. उद्या म्हणाल, सगळ्यांनी आपापल्या विहिरीवर अंघोळ करावी. ज्याला विहीर नाही त्यानं जन्मभर पारोसं फिरावं!

मी सांगलीत विश्रामबागेत नोकरीला, तिथंच फ्लॅटवर राहतो, दिवसभर लोकांचे अर्ज तपासतो. स्वतःचा सात पानी लिहिला आणि आईला घेऊन तालुक्याला गेलो. साहेब म्हणाले, "तुमच्यासाठी वेगळा कायदा करू? आज तुमची म्हैस, उद्या दुसरा डुकरं आणेल. त्यालाही सोडू?"

"वेगळा नको, साहेब. गाववाल्यांसारखं परसदारी रान द्या, मग हाच नियम लावा."

"रानाचं खातं वेगळं."

आई सगळं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चंद्रीचं दावं सोडलं आणि सत्तरीची बाई अकरा किलोमीटर चालत गेली. तेव्हापासून ती रानात, पत्र्याच्या शेडात, म्हशीशेजारी झोपते. माझ्या फ्लॅटमध्ये तिच्यासाठी घेतलेल्या गादीवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. कुणी विचारलं, घर कुठं, तर मी काय सांगू? एक पाण्याखाली, एक वसाहतीत ओस, आणि जिथं आई आहे त्याला दारसुद्धा नाही.

परवा राहवलं नाही. तसाच साहेबांपुढं जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "सरकारनं आम्हाला बांधून दिलेल्या घरात आता कुणीच राहत नाही, साहेब. माझी आई गोठ्यात राहते. त्या घराचं काय करू?"

त्यांनी फायलीतून मानही वर केली नाही.

"कुलूप लावा."