भंगारबाई आणि पारोशी मशीन

बारशाला जाऊन भंगार घेऊन परतलेली बाई मी आयुष्यात एकच पाहिली. दहिवलीला आमच्या नातलगांकडे बारसं होतं. पाळणा सुरू होतोय न होतोय तोच मांडवातला स्पीकर फुटला. सगळ्या बायका बाळाभोवती आणि आमच्या बाई स्पीकरवाल्याभोवती! "फेकणार असाल तर मला द्या हो," असं लाडीगोडीनं म्हणत त्यांनी तो फुटका डबा मिळवला आणि घुगऱ्यांच्या पुडीसकट रिक्षात घातला. कारखान्यात त्यांना भंगारबाई म्हणायचे, अगदी तोंडावर. त्यांना त्याचं काही वाटत नसे. मला वाटायचं.

खालापूरजवळच्या त्या छोट्या कारखान्यात बाई मुख्य होत्या आणि मी कडाववरून येऊन तिथली लॅब सांभाळायची. जुन्या हार्ड डिस्क, स्पीकर, बंद पडलेल्या मोटारी यांच्यात लहान लहान चुंबकं असतात. ती भाजून, दळून, आम्लात विरघळवायची आणि त्या पाण्यातल्या लोखंडापासून निओडिमियम नावाचा दुर्मीळ धातू वेगळा काढायचा, हे आमचं काम. वेगळा काढायची युक्ती बाईंची. उभ्या नळकांड्यात शेवयांसारख्या बारीक पोकळ नळ्या. त्यांच्या भिंतींत मुरवलेलं तेलासारखं एक औषध. आम्लाचं पाणी एका बाजूनं वाहायचं आणि भिंतीतून फक्त हवा तो धातू पलीकडे जायचा. याला मेंब्रेन म्हणतात. बाई म्हणायच्या, "लग्नात पंगतीच्या दारात मामा उभा असतो ना, तसं हे. ओळखीचा असेल त्यालाच आत सोडणार. लोखंड बसतंय बाहेर बोंबलत."

या मामाला वैरी एकच, साबण. साबणाचं पाणी लागलं की ते औषध भिंतीत टिकत नाही आणि दार सताड उघडं पडतं. म्हणून त्या खोलीत साबणाला बंदी होती. हात चोळायला बाहेर राखेचं घमेलं ठेवलेलं. "बाईंना साबणाचं सुतक लागलंय," असं म्हणून माणसं हसायची. बाई कारण समजावून सांगायच्या, पुन्हा पुन्हा सांगायच्या. आपल्याकडे कारण कोण ऐकतं? हात साबणानं धुवायचे नाहीत, एवढं मात्र सगळ्यांनी पाळलं.

शेठला या नळ्यांचं प्रेम कधीच नव्हतं. त्याची जुनी पद्धत म्हणजे मोठाल्या टाक्या, पिंपांनी ओतायचं रसायन आणि उरलेलं पाणी मागच्या ओढ्यात. बाईंचं गाव त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला. एरवी शुद्ध बोलणाऱ्या बाई हा विषय निघाला की गावाकडच्या बोलीवर यायच्या. "आमच्या भातात जातंय गं ते पानी. आमी खातो तो भात." शेवटी शेठनं एक सवलत दिली होती. दसऱ्यानंतर माल घेणारी मोठी पार्टी बघायला येणार होती. पावडर त्यांच्या कसोटीला उतरली तर मेंब्रेन राहणार, नाही तर टाक्या.

आणि पावडर उतरत होती! फिक्कट जांभळी, मऊसूत. नमुना हातात घेऊन बाई उन्हात उभ्या राहायच्या आणि आपण लॅबमध्ये आहोत हे विसरून मला म्हणायच्या, "बघ गं, पोर कशी नटलीय."

खंडेनवमीला बाई गावी आईकडे गेल्या, मी घरी. शेठचं फर्मान होतं, पाहुणे येणार, सगळ्या मशिनी चकाचक पाहिजेत. आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर काशिनाथदादा. देवभोळा, कष्टाळू माणूस. त्यांनी सगळ्या मशिनी धुतल्या आणि मेंब्रेनवर जास्तच माया केली. पंप लावून आतूनसुद्धा साबणाचं पाणी फिरवलं, मग झेंडूची माळ. दसरा उलटल्यावर त्यांनीच बाईंना मोठ्या आनंदानं सांगितलं, "पारोशा मशिनीला हळदकुंकू कसं लावायचं, बाई? आतूनबी आंघोळ घातली तिला."

मी बाईंच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी मशिनीवरची झेंडूची माळ सरळ केली. मग म्हणाल्या, "देवीनं बघितलं असेल, दादा." आणि त्यांनी हात पुढे करून प्रसाद घेतला.

नव्या नळ्या यायला महिने लागणार होते आणि पार्टी दारात. शेठ तारीख पुढे ढकलेना. पाहुण्यांसमोर मशीन चालली आणि लोखंड खुशाल पलीकडे गेलं. पावडर आली ती विटकरी, तंबाखूच्या थुंकीसारखी. पाहुणे चहा पिऊन गेले. शेठनं केबिनमध्ये विचारलं, हे कुणी केलं? चकाचक करायचा हुकूम स्वतः सोडणारा हा माणूस विचारतोय! मी तोंड उघडणार तोच बाई म्हणाल्या, "देखरेख माझी होती." शेठला तेवढंच हवं होतं.

बाहेर आल्यावर मी चिडून रडले. बाई म्हणाल्या, "शेठ दादाला आजच्या आज काढील. आनि आपल्या हातानं झालं हे त्याला सवताला कळलं, तर तो परत कुठल्या मशिनीला हात लावायचा नाय. तू बोलायचं नाहीस. माझ्या गळ्याची शपथ." शपथ घालणाऱ्या बायकांवर त्या आयुष्यभर हसल्या होत्या. त्याच आठवड्यात त्या कारखाना सोडून गेल्या. पुण्याकडे कुठेशी शिकवतात म्हणे. मी फोन केला तर माझी चौकशी करतात, कारखान्याची नाही.

टाक्या आल्या. ओढ्याला आता वास येतो आणि फाटकावर 'निसर्गाचे मित्र' अशी पाटी आहे. मी अजून तिथेच आहे, कारण घर चालवायचं आहे. काशिनाथदादाही आहेत. ते वाचायच्या भानगडीत पडत नाहीत, म्हणून तर हे लिहितेय.

परवा जेवायच्या सुट्टीत बाईंचा विषय निघाला. दादा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "शिकलेली मान्सं अशीच. ओढ्याचं एवढं बोलायची आनि टाक्या येनार म्हनल्यावर पळाली. आमाला वाऱ्यावर टाकून गेली. माझ्यासारख्यानं असं केलं नसतं, गं."

मी डब्यातली भाजी त्यांच्या पुढे सरकवली. ते म्हणाले, "तू का गप? तुला तरी पटतंय ना?"

बाईंच्या गळ्याची शपथ आठवून मी मान डोलावली.