गुणाजीकाकांचं गाऱ्हाणं

घोडपदेवच्या आमच्या चाळीत कुणाचं लग्न ठरो की कुणाला नोकरी लागो, नारळ फोडायच्या आधी एकच हाक जायची, ‘गुणाजीकाकांना बोलवा.’ गिरणी बंद पडल्यावर काकांनी वॉचमनकी केली, पण त्यांचं खरं काम गाऱ्हाणं घालणं. देवापुढे नारळ धरून मालवणीत खणखणीत मागणं मागायचं आणि प्रत्येक मागण्यावर जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. एरवी काका तोंड उघडायला महाग. गाऱ्हाण्याला उभे राहिले की मात्र देवसुद्धा दचकावा.

मागे एका पावसाळ्यात त्यांच्या गावच्या वाडीवर डोंगर खचला. धाकटा भाऊ रमाकांत बायकोमुलांसह वाचला, घर गाडलं गेलं. वाडीला माळावर पत्र्याच्या शेड मिळाल्या, तात्पुरत्या म्हणून. मला या शब्दाचीच चीड आहे. तात्पुरतं म्हटलं की कुणाला लाज वाटेनाशी होते.

मग मदतकार्य करणाऱ्या एका संस्थेने दादरला सभा ठेवली. वाडीला पक्की घरं बांधून द्यायचं त्यांच्या मनात होतं. गावच्या मंडळातर्फे काका गेले, सोबत आम्ही चाळीतले काही जण. संस्थेच्या सलोनीमॅडम माइकवर म्हणाल्या, “अगदी मोकळेपणाने तुमची गाऱ्हाणी सांगा.”

अडचणी सांगा, एवढंच बाईंना म्हणायचं होतं. काकांनी टोपी सारखी केली, चपला काढल्या आणि ग्रामदैवताला हात जोडले.

“बा रवळनाथा, आमची घरां मातीखाली गेली, पोरांबाळां पत्र्याखाली भाजतत, तेंका हक्काचा छप्पर मिळांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही सवयीने ठोकून दिलं.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांचे मोबाइल वर. सलोनीमॅडमचे डोळे भरून आले. किती जिवंत परंपरा, म्हणाल्या. जागा कुठली, पाणी कुठून येणार, हे विचारायचं राहूनच गेलं. लोक खूश होऊन चहाला गेले.

तो व्हिडिओ गाजला. काकांना कार्यक्रमांची बोलावणी येऊ लागली. शाल मिळायची, श्रीफळ मिळायचं. पुढच्या वेळी तरी घराचं निघेल, या आशेने ते भावासाठी जात राहिले.

काकांच्या बायको मालनकाकी कातावून म्हणायच्या, “अहो, घर बांधा म्हणान सरळ सांगा मां तेंका!”

“सांगतंय तर! आनी किती मोठ्यान सांगू?”

या वैशाखात रमाकांतला त्या पत्र्याखालीच उष्माघात झाला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला. तेरावं उरकून काका मुंबईला परतले, तोच सलोनीमॅडमचा फोन. मोठी परिषद होती. “तेच गाऱ्हाणं हवंय काका, फक्त जरा छोटं करा.” काकांनी फोन ठेवून दिला. मला बाईंचा राग आला, पण रमाकांतचं त्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं, याचं जास्त वाईट वाटलं.

पुढे चाळीची सत्यनारायणाची पूजा आली. काका नारळ घेऊन उभे राहिले. “बा रवळनाथा,” म्हणाले आणि थांबले. आम्ही माना खाली घालून वाट पाहत होतो. काही मागितलंच नव्हतं, तरी मागून कुणीतरी सवयीने बोललं, “व्हय म्हाराजा!”

काकांनी वळून पाहिलं.

“कशाक व्हय म्हणतस रे?”

नारळ तसाच पाटावर ठेवून ते खोलीत निघून गेले.