तुरुंगात जायला ठेवलेला संपादक

वर्तमानपत्रावर संपादक म्हणून ज्याचं नाव छापून यायचं, तो खरा छापखान्यातला हमाल होता. एरवी कागदाचे गठ्ठे वाहायचे आणि राजद्रोहाचं कलम लागलं की तुरुंगात जायचं, असं त्याचं दुहेरी काम. लेख मालक लिहायचे. त्यांची लेखणी तलवारीची, पण छाती दम्याची. तुरुंगातली गार फरशी त्यांना सोसली नसती. हमालाला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणजे या संपादकपदाला तो अगदी लायक. शेजारपाजारचे त्याच्या बायकोला ‘संपादकीणबाई’ म्हणून चिडवायचे.

परक्या सरकारला यातलं ओ की ठो कळलं नाही. त्यांनी त्याला दोनदा आत टाकलं. दुसऱ्या खेपेला तिथल्या एका मास्तर कैद्याने त्याला लिहाय-वाचायला शिकवलं, तेही सरकारी खर्चाने. बाहेर आल्यावर त्याने आपल्या नावावरचे जुने लेख वाचले आणि कपाळावर हात मारला.

“मालक, एवढ्या गुळमुळीत लिखाणासाठी मी आत जाऊन बसलो?”

“मग तूच लिही की!” मालक चिडले.

त्याने लिहिलं. भांडी घासता घासता बायको सरकारच्या नावाने बोटं मोडत जे बोलायची, ते जमेल तसं उतरवलं. लेख छापून आला, पाठोपाठ पोलीसही आले.

खटल्याच्या दिवशी सकाळी बायकोने बजावलं, “या वेळी माफी मागायची आणि मुकाट्याने घरी यायचं. पोरगी तुम्हाला काका म्हणायला लागलीय.”

“मागतो,” तो म्हणाला, आणि खरंच मागणार होता.

कोर्टात कारकुनाने सगळ्यात जहाल ओळ वाचून दाखवली. “पाहुणा कितीही मोठा असला, तरी आपल्याच घरात ‘आत येऊ का’ असं तो आपल्याला विचारायला लावत असेल, तर त्याची वळकटी रस्त्यावर फेकावी.”

“हे शब्द मागे घे, माफी माग आणि घरी जा,” न्यायाधीश म्हणाला.

हमालाची पंचाईत झाली. मालकांचे शब्द त्याने हसत मागे घेतले असते. हे जिचे होते, ती लेकीला मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं. आपलं बोलणं एवढ्या लोकांसमोर कुणी मोठ्याने वाचलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले होते. सकाळचं सगळं बजावणं गिळून तिने मान हलवली, नाही म्हणून.

“जमायचं नाही, साहेब,” हमाल म्हणाला.

त्याला बेड्या घालून नेताना तिने पोरीला वर उचलून धरलं.

“नीट बघून घे,” ती म्हणाली. “ते काका नाहीत.”