सरांशी माझं नातं मोजलं तेव्हा

कसं सांगू तुम्हाला, हजेरीलासुद्धा माझा आवाज पहिल्या बाकापलीकडे जात नाही. पण त्या दिवशी मी बोलले, आणि असं काही बोलले की विचारू नका!

आमच्या वस्तीत, रुआबांध्याच्या मैदानावर, शाळेच्या खो-खोचा सराव चालला होता. जिल्ह्याचे सामने आठवड्यावर आलेले. अशात कोच आणि खेळाडू यांचं नातं मोजायला रायपूरहून एक मॅडम आल्या. हो, मोजायला! सातपैकी मार्क.

आधी आमचे बोरकर सर समजून घ्या. ज्या मुलीवर त्यांची भिस्त, तिच्यावरच ते ओरडतात. "ए म्हशी, खांबापाशी झोपून राहिली का वं?" हे ऐकलं की टीममधली जागा पक्की. आणि "बेटा, आराम करो" म्हणाले, की संपलंच! रोज सगळ्यांत जास्त वेळा म्हैस मीच व्हायचे.

मॅडमनी विचारलं, "सर प्यार से बात करते हैं?"

"कभी नहीं!" मी अभिमानाने सांगितलं.

"डाँटते हैं?"

"सबसे ज़्यादा मुझे!"

स्वतःची एवढी बढाई मारल्यावर लाजेने माझी मान खाली गेली. मॅडमना वाटलं, पोर भेदरली! त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, शाबासकी! मग काय, मी आणखी फुगले. "कल दो चक्कर एक्स्ट्रा लगवाए, मैडम. सिर्फ़ मुझसे!"

सातपैकी एक मार्क. वर सरांना समज.

दुसऱ्या दिवशी मी खांबापाशी सपशेल आपटले आणि कान टवकारून पडून राहिले. सर आले. म्हणाले, "कोई बात नहीं, बेटा."

"तोर त नाव कट गे!" राखीव खेळाडूंतली पिंकी कुजबुजली. म्हणजे टीममधून माझं नाव कटलंच!

मी सरांमागे धावले. "सर, मले म्हैस म्हना नं!"

"हळू बोल! तूच सांगतलं नं मॅडमले? आता तुले रागावलो तर मलेच काढून टाकतीन. अन् न रागावता शिकवाले मले येत नाही."

ते खरंच होतं. सर गोड बोलत राहिले, मी आपटत राहिले. शेवटी माझ्या जागी पिंकीला घेतलं. मैदानाच्या कडेला बसून मी ढसाढसा रडले.

नेमक्या तेव्हाच मॅडम पुन्हा मोजायला आल्या. "क्या हुआ, बेटा?"

"सर अब... डाँटते ही नहीं..." मी हुंदके देत म्हणाले.

मॅडमचेही डोळे भरून आले! सातपैकी सात दिले. सरांचा नि माझा फोटो काढला, दुसऱ्या शाळांना दाखवायला.

तेव्हा कोचशी सगळ्यांत उत्तम नातं असलेली जिल्ह्यातली खेळाडू म्हणजे मी. सामन्याच्या दिवशी टीमला ग्लुकोजचं पाणी मीच पाजलं.