कैफियतीचा रकाना

“बाई, फक्त नावं टाईप करा. बाकीचं राहू द्या. जीप उभी आहे,” साहेब म्हणाले.

मी चौदा नावं टाईप केली. खाली ‘ट्रू ट्रान्सलेशन’ लिहून सही केली. जीप गेली. संध्याकाळपर्यंत चौदा माणसं आत होती.

बाळांनो, हे हिंगोलीतलं, १९४८ सालच्या शेवटचं. सप्टेंबरात भारतीय फौज आली आणि हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं. नवे अधिकारी बाहेरून आले. आमचे साहेब नागपूरकडचे, मराठी बोलणारे. पण कचेरीचं जुनं दप्तर सगळं उर्दूत, आणि उर्दू त्यांना येत नव्हतं. मला उर्दू आणि इंग्रजी दोन्ही येत होतं, शिवाय टायपिंग. म्हणून तेविसाव्या वर्षी मला तरजुमानवीस, म्हणजे भाषांतरकार, अशी कच्ची नोकरी मिळाली. पुरुषांच्या कचेरीत मी एकटी बाई.

ती नावं एका वहीतली होती. संस्थानाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र पथकाच्या ठाण्यात वही सापडली होती. त्या दिवसांत कुणालाही खटल्याशिवाय स्थानबद्ध करता येत असे. आरोप सांगायचा नाही, कोर्टात न्यायचं नाही. अधिकाऱ्याची खात्री पटली की पुरे. खात्री पटायला कागद लागे, आणि तो कागद मी टाईप करत असे.

खरं सांगते, मला तेव्हा वाईट वाटलं नाही. हट्टा गावातलं माझ्या मामांचं घर त्याच पथकाने लुटलं होतं.

आठव्या दिवशी दुपारी फातिमाबी कचेरीच्या ओट्यावर येऊन बसली. यादीतल्या रहीमचाचा नालबंदांची बायको. बाजाराच्या दिवशी आमच्या बैलांना चाचाच नाल ठोकायचे.

“बाई, यादी तुमीच केली म्हणत्यात. काहून नेलं त्यानला?”

“वहीत नाव आहे, चाची.”

“नाव असंल की. ते पथकवाले तीनदा बोलवायला आले व्हते. हे गेले न्हाई. मंग ऐरण उचलून नेली त्यायनं. आता तुमी माणूस नेला. घ्या, काय ऱ्हायलं असंल तर तेबी न्या.”

मी आत गेले आणि कपाटातून वही काढली. उर्दू दप्तरात शेवटचा रकाना कैफियतीचा असतो, आपण ज्याला शेरा म्हणतो. घाईत तोच मी सोडला होता. चाचांच्या नावापुढे लिहिलं होतं: तीन वेळा बोलावलं, इन्कार. आणखी चौघांपुढे तसंच. बाकीच्या नऊ जणांपुढे ‘हजर’. वही भरती झालेल्यांची नव्हती, बोलावलेल्यांची होती.

मी पूर्ण तक्ता टाईप केला, कैफियतीसकट, आणि साहेबांसमोर ठेवला.

“साहेब, माझा तरजुमा चुकला आहे.”

“कुणाचं नाव चुकलं?”

“नावं बरोबर आहेत. पाच माणसं चुकीची आत आहेत.”

त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. “बाई, दिवस कसे आहेत दिसतंय ना? पाच जण महिनाभर आत राहिले तर बिघडत नाही. चुकीचा एक सुटला तर गाव पेटेल.”

“ते ठरवायचा अधिकार तुमचा. पण जुन्या कागदाखाली सही माझी आहे. ती मी मागे घेते.”

“अशी सही मागे घेता येते होय?”

“लेखी दिलंय. शेवटचं पान.”

“तुमची नोकरी कच्ची आहे, माहीत आहे ना?”

“हो. म्हणून आजच टाईप केलं.”

साहेब हसले नाहीत. पण चष्मा लावून वाचायला लागले. सही मागे घेतल्याचा कागद फाईलला लागला की उद्या वरचा अधिकारी विचारणार, हे त्यांना कळत होतं. वाचता वाचता बोट एका ओळीवर थांबलं.

“हा अकरावा. ‘बंदूक दिली.’ हेही तुम्हीच लिहिलंत?”

“वहीत आहे ते लिहिलं.”

“म्हणजे तुम्ही त्यांना सोडवायला नाही आलात?”

“मी तरजुमा पुरा करायला आले.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातल्या चार जाणत्या माणसांना बोलावून विचारलं, आणि दुपारी पाच जण सुटले. अकरावा धरून बाकीचे नऊ आतच राहिले.

चाचा कचेरीवरूनच घरी गेले. मला पाहून थांबले. मला वाटलं, दुवा देतील.

“बाई, पयल्याच दिवशी पुरं वाचलं असतं तर नऊ रोज वाचले असते.”

“चुकलं माझं, चाचा.”

“बराबर,” ते म्हणाले आणि चालू लागले.

त्याच आठवड्यात साहेबांनी हुकूम काढला: कैफियतीच्या रकान्याशिवाय कुठलीही यादी अटकेसाठी घेऊ नये. तो मीच टाईप केला. खाली सही त्यांची, माझं नाव कुठेच नाही. तरी पुढच्या सगळ्या नोकरीत टाईप केलेल्या कागदांपैकी त्या एका कागदाचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे. माझी नोकरीही पुढे पक्की झाली.

तुम्ही तिकडे मोठ्या कचेऱ्यांत काम करता, म्हणून एवढंच लिहिते. बाहेर जीप उभी असली, तरी सही करण्याआधी शेवटचा रकाना वाचावा. जीप थांबते.