खाली आणलेला हात

पोळ्याचा दुसरा दिवस: आमच्या गावच्या वाचनालय समितीच्या अध्यक्षांनी समिती छापणार असलेल्या माझ्या नातीच्या चित्रकथेतील एका पानावर हरकत घेतली. त्यानंतरचा पहिला सोमवार: सचिवांनी ते पान छापखान्यात नेऊन, चित्र काढणारीस न विचारता, बदलून घेतले. दसऱ्याआधीचा मोहाडीचा बाजार: छपाईपूर्व प्रतीवर ‘मजकूर तपासला, बरोबर आहे’ असे लिहून एका इसमाने सही केली. तो इसम मी. जबाबदारांच्या यादीतून स्वतःला वगळणे मला मान्य नाही.

छप्पन साली आमच्या मोहल्ल्याने दीक्षा घेतली आणि मेलेली ढोरे ओढणे बंद केले. विहिरीला आमचा हात तर पूर्वीही लागत नव्हता. मिळे ते वरून ओतलेले पाणी. दीक्षेनंतर ओतणारा हात आणखी वर गेला. उडालेला शिंतोडाही आपल्या लोट्याला लागू नये, एवढी ती काळजी होती. माझी आई खाली गुंड, म्हणजे पाण्याची घागर, धरून बसे. अर्धे पाणी गुंडात, अर्धे तिच्या अंगावर आणि चिखलात. घरी आल्यावर ती पदर पिळून तेही पाणी भांडी घासायला वापरी. मी सात वर्षांचा होतो आणि तिच्या बाजूला उभा होतो. पाहणाऱ्यांपैकी आज मी एकटा उरलो आहे.

नातीने हेच चित्रांतून सांगायला घेतले, तेव्हा तिने मला अंगणात गुंड धरून बसवले आणि स्वतः लोटा घेऊन ओट्यावर चढली.

“आबाजी, किती वरून?”

“अजून वर.”

“तुमी पुरे भिजून राहिले नं.”

“तीही भिजायची. वर घे.”

तिने काढलेल्या पानावर एकही चेहरा नव्हता. वरच्या कडेला लोटा धरलेला हात, खालच्या कडेला गुंड, मधे पाण्याची बारीक रेघ. बाकी सारे पान कोरे. खाली एकच ओळ: ‘पणजीला विहिरीवर पाणी मिळत असे.’ मी चाळीस वर्षे कोर्टात लिपिक होतो. माझा आग्रह होता की अस्पृश्यता हा शब्द हवा, राज्यघटनेचे सतरावे कलम हवे. ती म्हणाली, “लिहून टाकलं तर लोकं वाचतील अन् पान पलटवतील. हे कोरं पाहाले वेळ लागते.” मला ते पटले नव्हते.

छापून आलेल्या पानावर तो हात खाली आला आहे. लोट्याची कड गुंडाला टेकली आहे. कोऱ्या जागेत हिरवे धान आहे आणि एक हसरी बाई आहे. ओळ जशीच्या तशी आहे. जी ओळ आरोप करत होती, ती आता आभार मानते.

मी अध्यक्षांच्या घरी गेलो. त्यांनी चहा मागवला.

“काकाजी, एका अक्षराले हात लावला नाही. तुमचीच सही हाये.”

“चित्र?”

“हात जरासा खाली आणला. पाणी तर पडूनच राहिलं नं? लहान पोराईले कडू कायले पाजाचं?”

मी चहा न घेता निघालो. सही माझीच होती. प्रत हाती आली तेव्हा मी प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी बोट ठेवून वाचली होती. पुरावा अक्षरांत असतो, अशी माझी जन्मभराची समजूत. चित्राकडे मी पाहिलेच नाही. नातीने फक्त एवढे विचारले, “आबाजी, तुमच्यासमोरच तर मापलं होतं. तुमाले दिसलं काहून नाही?” त्यानंतर तिने पुस्तकावरून आपले नाव काढायला सांगितले.

मी समितीला तीन पत्रे लिहिली. तिन्हींचे उत्तर एकच: ‘मजकुरात बदल नाही.’ येत्या प्रजासत्ताकदिनी हे पुस्तक शाळेत वाटले जाणार आहे. माझ्या आईला गावाने प्रेमाने पाणी पाजले, असे मुले शिकतील, आणि उलट सांगणारा मी फार दिवसांचा नाही.

म्हणून आता पत्रोत्तर नको. मी माझी चूक ग्रामसभेत, सर्वांदेखत कबूल करणार आहे. त्याच सभेत अध्यक्षांनी दोन्ही पाने हातात धरून, उभे राहून, उत्तर द्यावे: तो हात त्यांनी कोणाच्या सांगण्यावरून खाली आणला, आणि माझी आई विहिरीवर बसली होती तेव्हा तो खाली आणायला गावात कोणी का नव्हते?